वाझांच्या खोऱ्यात सायकल: आल्प द्युएझची गर्दी टाळून सारेनचा वळसा कसा घालावा

दर जुलैत ओळखीतलं कुणी ना कुणी आल्प्समधून परत येतं आणि तीच तक्रार करतं: सगळा वेळ मोटारी आणि कॅरॅव्हॅनच्या मागे गेला. कुठून गेलात विचारलं की उत्तरही ठरलेलं. बूर द्वाझांहून डी-1091 या हमरस्त्याने, शनिवारी, हॉटेलचा नाश्ता आटोपून दहा वाजता. रस्ता चुकला, वार चुकला, वेळ चुकली. तिन्ही गोष्टी पुण्यात बसून ठरवता आल्या असत्या.

बूर द्वाझां हे फ्रान्सच्या इझेर भागातलं, वाझां खोऱ्यातलं, ग्रेनोबलपासून सुमारे 50 किलोमीटरवरचं गाव. उंची 720 मीटर, म्हणजे आपल्या वाईएवढीच. आल्प द्युएझच्या प्रसिद्ध चढाची 21 वळणं गावाबाहेरच सुरू होतात, त्यामुळे येणारा प्रत्येक सायकलवाला तिकडे वळतो. त्याच डोंगराच्या अंगाखांद्यावर अरुंद, जवळजवळ रिकामे रस्ते आहेत, ते बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. हे रस्ते जोडून घातलेला वळसा असा: बूर द्वाझां, ला गार्द, पा द ला कॉन्फेसियाँ, ल फ्रेने, मिझोएँ, क्लावां, सारेन खिंड, आल्प द्युएझ, व्हिलार-रक्युला, आल्मों आणि परत बूर. सत्तर किलोमीटरच्या आसपास अंतर, चढ 2000 मीटरहून थोडा जास्त. आकडा मोठा आहे, पण नीट क्रमाने गेलात तर जमतो.

## टप्पा 1: तारीख आणि वार

फ्रान्सच्या शाळांना जुलैच्या सुरुवातीपासून ऑगस्टअखेर सुट्टी असते. शांतता हवी असेल तर जूनचा दुसरा पंधरवडा किंवा सप्टेंबरचा पहिला. त्याआधी जाऊ नका. सारेन खिंड 1999 मीटरवर आहे, हिवाळ्यात बर्फाने बंद असते आणि कधी उघडेल ते त्या वर्षीच्या बर्फावर ठरतं.

शनिवारी या वळशावर जाऊच नका. तिथल्या पर्यटनगावांत घरं आठवड्याच्या हिशेबाने भाड्याने जातात आणि बदलीचा दिवस शनिवार. जुने पाहुणे उतरत असतात, नवे चढत असतात, आणि सगळे डी-1091 वर. मंगळवार ते गुरुवार उत्तम.

ला मार्मोत ही मोठी हौशी शर्यत बूर द्वाझांहून सुटते आणि आल्प द्युएझवर संपते. तो आठवडा टाळा. टूर द फ्रान्स या घाटात येणार असेल तर जागा धरायला कॅम्पर गाड्या काही दिवस आधीपासून वळणांवर उभ्या राहतात.

तपासा: निघण्याच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक रस्ता चालू आहे का ते पाहा. इथले डोंगर ठिसूळ आहेत. 2015 मध्ये दरड सरकल्यामुळे शांबों धरणाजवळचा बोगदा बंद पडला होता. जून 2024 च्या पुरात ला बेरार्द ही वस्ती उद्ध्वस्त झाली, तरी जुन्या जीपीएक्स फाइली, म्हणजे जीपीएसला वाट दाखवणाऱ्या मार्गाच्या नोंदी, अजून खुशाल तिकडे नेतात. कुणाची तरी पाच वर्षांपूर्वीची फाइल डोळे झाकून वापरू नका.

## टप्पा 2: घरी करायची तयारी

व्हिसाचं थोडक्यात: शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, आणि विमा किमान 30,000 युरोचा लागतो. त्या विम्यात डोंगरातली सायकलिंग धरली आहे का हे कागद वाचून खात्री करा.

खरी तयारी म्हणजे स्वतःचा चढण्याचा वेग माहीत असणं. आपण किलोमीटरमध्ये विचार करतो आणि तिथेच फसतो. "सत्तर किलोमीटर? आपण रविवारी शंभर मारतो!" आल्प्समध्ये मीटर मोजायचे, तेही उभे.

पसरणी घाटात हे सहज मोजता येतं. वाई साधारण 720 मीटरवर, पाचगणी 1290 वर, म्हणजे 570 मीटर उभा चढ. न थांबता, बोलता येईल इतक्याच जोराने चढा आणि वेळ लिहून ठेवा. समजा 70 मिनिटं लागली, तर तुमचा वेग ताशी सुमारे 490 मीटर. सारेनच्या वळशात 2100 मीटर धरले तर नुसत्या चढाला सव्वाचार तास. दुसऱ्या चढावर पाय मंदावतात, म्हणून पाच धरा. उतार आणि सपाटीला दोन तास, खाणं-पाणी-फोटोला एक. झाले आठ. सकाळी साडेसहाला निघालात तर अडीच वाजता परत. नऊला निघालात तर पाच वाजतात, आणि उन्हाळ्यात आल्प्सची वादळं दुपारीच होतात. सारं गणित एवढंच आहे, पण ते न केल्यामुळे मी स्वतः एकदा क्लावांच्या वर विजा मोजत एका गोठ्याच्या वळचणीला बसलो होतो.

पसरणीला 90 मिनिटांहून जास्त लागत असतील तर पूर्ण वळसा सोडा, पहिला अर्धाच करा. तो कुठे तोडायचा ते पुढे येईल.

गिअरबाबत लाज बाळगू नका. पुढच्या चक्राला 34 दाते, मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला किमान 32, शक्यतो 34. सिंहगडाच्या तीव्र वळणांवर उभं राहून दामटता येतं, कारण चढ लवकर संपतो. इथे एकेक चढ दीड-दोन तासांचा आहे.

खाऊ नेताना एक नियम लक्षात ठेवा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तुपातले लाडू घरीच. शेंगदाण्याची चिक्की, खजूर, खारे शेंगदाणे चालतात आणि सायकलच्या खिशात उत्तम बसतात.

## टप्पा 3: सायकल ताब्यात घेताना

बूर द्वाझांला रेल्वे नाही. ग्रेनोबलपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने जावं लागतं. सायकलचं खोकं घेऊन ही चढउतार नको असेल तर तिथे भाड्याने घ्या, पण उंचीचं माप आधी कळवून आरक्षण करा. स्वतःचे पेडल, बूट आणि सवयीची सॅडल मात्र घेऊन जा. नव्या सॅडलवर आठ तास काढणं ही शिक्षा आहे.

दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी या क्रमाने पाहा:

1. ब्रेक. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. फ्रान्समध्ये तो बहुधा डाव्या हाताला. उतारावर घाईत चुकीचा हात दाबला की काय होतं ते सांगायला नको. दुकानदाराला सांगून बदलून घ्या. नाही जमलं तर डाव्या लिव्हरवर लाल टेप गुंडाळा आणि गावातल्या वाहनतळावर वीस वेळा थांबून दाखवा, स्वतःलाच.
2. टायर. 28 मिलिमीटर घ्या. सारेनच्या क्लावांकडच्या बाजूला रस्ता खडबडीत आहे.
3. दिवे. पुढचा आणि मागचा, दोन्ही दिवसाही लागतील. वाटेत बोगदे आहेत. गावाबाहेर अंधारात किंवा धुक्यात चमकतं जाकीट घालणं फ्रान्समध्ये सायकलस्वाराला सक्तीचं आहे. ते घडी करून खिशात राहतं.
4. इअरफोन बॅगेत. सायकल चालवताना कानात घालायला 2015 पासून बंदी आहे, दंड 135 युरो.

नकाशासाठी आयजीएन या फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेचा 3335 ईटी हा कागदी नकाशा घ्या. ॲपला "सगळ्यात जवळचा रस्ता" विचाराल तर ते तुम्हाला सरळ डी-1091 च्या घळीत घालतं. कागदावर लाल रस्ता टाळायचा, पिवळा सोसायचा, पांढरा शोधायचा.

सावधान: फ्रान्समध्ये वाहतूक उजवीकडून. चालत्या सायकलवर हे तासाभरात अंगवळणी पडतं. धोका असतो थांबून पुन्हा निघताना, रिकाम्या रस्त्यावर. मी पा द ला कॉन्फेसियाँवर फोटो काढले, सायकलवर टांग टाकली आणि निवांत डावीकडून निघालो. वळणाआडून एक लहान पांढरी मोटार आली. चालकाने ब्रेक मारला, काच खाली केली, काही बोलला नाही, फक्त उजव्या हाताचं बोट दाखवलं. तेव्हापासून हँडलच्या मध्यावर उजवीकडे बाण काढलेली चिकटपट्टी लावतो आणि प्रत्येक थांब्यानंतर मोठ्याने "उजवीकडे" म्हणतो. सोबतचे हसतात. हसू देत.

## टप्पा 4: पहिला दिवस ऑर्नोंला

विमानातून उतरून दुसऱ्या दिवशी सारेनला जाऊ नका. पहिला दिवस ऑर्नों खिंडीला द्या: 1371 मीटर, बूरजवळच्या ला पोतहून डी-526 ने वर. चढ साधारण 11 किलोमीटरचा, झेपेल असा, वाहनं थोडी. वर गेलं की आलात तसे परत.

या दिवसाचं काम पाय तपासणं नाही, ब्रेक आणि बाजू तपासणं आहे. उतारावर मुद्दाम तीन-चारदा पूर्ण थांबा. चौकात डावीकडे वळून पाहा. गोल चौकातून घड्याळाच्या उलट दिशेने जायचं आणि आत फिरणाऱ्याला वाट द्यायची. गावात पाटी नसलेल्या नाक्यावर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो कितीही लहान गल्लीतून येवो.

तपासा: संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचं खाणं खोलीत आलं आहे का? बेकऱ्या, किराणा दुपारी बारानंतर बंद होतात ते तीनच्या आसपास उघडतात, आणि सोमवारी कित्येक बेकऱ्या उघडतच नाहीत. साडेबाराला भूक लागल्यावर दुकान शोधणारा उपाशी राहतो.

## टप्पा 5: बूर ते ल फ्रेने, सज्जातून

साडेसहाला निघा. गावाबाहेर थोडं डी-1091 वरून जावं लागतं, मग डावीकडे आल्प द्युएझचा चढ लागतो. वळणांचे आकडे उलटे आहेत, 21 वरून खाली मोजत जातात. पहिले दोन-तीन किलोमीटर या चढातले सगळ्यात उभे, आणि पाय थंड. इथे कुणाच्याही मागे लागू नका. पहाटे शर्यतीसारखे जाणारे दोघे-चौघे भेटतातच. सगळ्यात हलका गिअर आणि शांत श्वास.

वळण 16 वर ला गार्द गाव. इथे उजवीकडे डी-211ए. बाकी सगळे सरळ वर जातात, तुम्ही वळता, आणि पाचशे मीटरमध्ये आवाज बंद होतो. ऐकू येतो तो फक्त स्वतःचा श्वास आणि खाली रोमांश नदी.

पुढचा रस्ता कड्यात कोरलेला आहे. पा द ला कॉन्फेसियाँ 1542 मीटरवर. खालचं बूर आणि त्याचं सपाट मैदान आठशे मीटर खोल दिसतं. कठडा बुटका, काही ठिकाणी गुडघ्याएवढाच. आणि वाहतूक उजवीकडून असल्यामुळे या दिशेने जाताना दरी तुमच्या बाजूला असते. उंचीची भीती वाटणाऱ्यांनी हे आधीच जाणून घ्यावं. त्यांनी रस्त्याच्या मध्याकडे सरकू नये, उलट बाजूने हा तुकडा करावा, म्हणजे ल फ्रेनेहून ला गार्दला. मग कडा तुमच्याकडे राहतो. किंमत एवढीच की शेवटी ला गार्दहून खाली तो उभा उतार येतो.

मग ओरिसच्या वस्त्यांमधून ल फ्रेनेपर्यंत उतार. खडी टाकलेल्या रस्त्याची सूचना "ग्राव्हियों" या फ्रेंच शब्दाने देतात. ती पाटी दिसली की वळणाआधीच वेग तोडा. "रूत बारे" म्हणजे रस्ता बंद. सायकल निघेल म्हणून पुढे जाऊ नका, पूल गेलेला असू शकतो.

परत फिरायची जागा: ल फ्रेनेला घड्याळ आणि आभाळ दोन्ही पाहा. साडेदहा वाजून गेले असतील किंवा पश्चिमेकडे फुलकोबीसारखे ढग उभे राहू लागले असतील, तर इथून परत. सर्वांत चांगला मार्ग आलात तोच. डी-1091 ने खाली उतरणं जवळचं आहे, पण त्यात बोगदे आणि मोठ्या गाड्या. गेलातच तर दिवे लावून, आणि बोगद्यात गॉगल काढून. काळा गॉगल घालून बोगद्यात शिरणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक.

## टप्पा 6: ल फ्रेने ते सारेन

या टप्प्याची सुरुवातच तेवढी नकोशी. फ्रेनेहून शांबों धरणापर्यंत डी-1091 वरून चढावं लागतं. दिवे लावा, एकामागे एक, न थांबता. धरणापाशी सरळ मोठ्या बोगद्यात शिरायचं नाही, उजवीकडे धरण ओलांडायचं नाही; डावीकडे डी-25, मिझोएँची पाटी.

बाटल्या मिझोएँला भरा. गावातल्या दगडी हौदाच्या नळावर "ओ नों पोताब्ल" लिहिलं असेल तर ते पिण्याचं पाणी नाही. हौद फसला तर दफनभूमी शोधा: फ्रेंच खेड्यांत तिथे फुलांना पाणी घालायला नळ असतो. आत शिरताना हेल्मेट काढावं, आवाज करू नये. क्लावांनंतर पाण्याचा भरवसा धरू नका, दुकानाचा तर नाहीच.

क्लावां सोडलं की रस्ता अरुंद होतो आणि झाडं संपतात. शेवटचे किलोमीटर चांगलेच उभे आहेत. रस्त्याला आडवे पाण्याचे पन्हळ आहेत, ते काटकोनात ओलांडा. तिरके गेलात तर पुढचं चाक अडकतं. 2013 च्या टूरमध्ये रायडर हाच रस्ता उलटा उतरले, तेव्हा काहींनी उताराबद्दल उघड नाराजी दाखवली होती. म्हणून सांगतो: सारेन क्लावांकडून चढा, तिकडे उतरू नका. खडबडीत रस्ता ताशी आठच्या वेगाने त्रास देत नाही, पन्नासने देतो.

सावधान: कुरणात मेंढरं असतील तर पांढरा, केसाळ, वासराएवढा राखणदार कुत्रा असतो. त्याला पातू म्हणतात. सायकल दामटून निसटायचा प्रयत्न केला की तो पाठलाग करतो. उतरा, सायकल त्याच्या आणि आपल्यामध्ये धरा, संथपणे चालत कळपाला वळसा घाला. हात उगारू नका.

## टप्पा 7: खिंडीवरून खाली

वर पोचल्यावर घामेजलेला बनियन घालून बसू नका. उंचीगणिक तापमान दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी घटतं. बूरमध्ये 28 असेल तर इथे वीसच्या आसपास, आणि उतारावरचा वारा वेगळाच. जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे निघण्याआधी घाला. बोटं बधिर झाली की ब्रेक किती दाबला ते कळत नाही, आणि मग थांबायलाही ब्रेकच लागतो.

ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाआधी दोन्ही जोरात, वळणात मोकळे. आल्प द्युएझच्या आधी थोडा चढ पुन्हा येतो. "आता उतारच" म्हणून सगळा खाऊ वर संपवणाऱ्यांची तिथे फजिती होते.

आल्प द्युएझमध्ये दुकानं, पाणी, शौचालय सगळं मिळतं. तिथून मुख्य रस्त्याने युएझ गावापर्यंत उतरा. या वेळी खालून चढणाऱ्यांची रांग लागलेली असते, त्यांना जागा द्या.

## टप्पा 8: व्हिलार-रक्युला आणि घर

युएझमध्ये उजवीकडे डी-211बी, व्हिलार-रक्युलाकडे. बहुतेक जण ही पाटी वेगात ओलांडतात आणि मग उरलेली वळणं मोटारींच्या मधून उतरतात. हा रस्ता पुन्हा कड्यालगतचा, जेमतेम एका गाडीचा. वळणावर समोरची गाडी दिसणार नाही, म्हणून वेग असा ठेवा की दिसेल तेवढ्या अंतरात थांबता येईल. व्हिलारच्या पुढचा उतार लांब आणि उभा आहे. मध्ये एकदा थांबून हात झटका, रिम ब्रेक असतील तर रिमही निवू द्या.

खाली आल्मोंच्या बाजूला उतरलात की डी-526 ने रोशतायए आणि तिथून सपाटीने बूर. दुपारी खोऱ्यात वारा खालून वर वाहतो, म्हणजे या शेवटच्या तुकड्यात तो पाठीवर असतो. सकाळी हा वळसा उलटा घालू पाहणाऱ्यांना ही सोय मिळत नाही, शिवाय सारेनचा तो उतारही त्यांच्या वाट्याला येतो.

पडलात, कुणी पडलं, तर 112. रस्त्याचा क्रमांक आणि शेवटचं ओलांडलेलं गाव सांगायचं, म्हणून प्रत्येक गावाची पाटी वाचत जा.

## टप्पा 9: पाय शिल्लक असतील तर

एक दिवस विश्रांती घेऊन व्हिलार-नोत्र-दामला जा. रस्ता बूरमधूनच सुटतो, डी-219. वर जेमतेम गाव आहे आणि रोडबाइकसाठी रस्ता तिथेच संपतो, त्यामुळे वाहनं मोजकी. पण वाटेतल्या बोगद्यांत दिवे नाहीत. आत ओलं असतं, खाली दगड पडलेले असतात आणि काही पावलांनंतर स्वतःचा हातही दिसत नाही. मागचा लुकलुकणारा दिवा पुरत नाही. पुढे रस्ता दिसेल असा दिवा हवा. आणि तो पूर्ण चार्ज केलेला हवा, कारण उतरतानाही त्याच बोगद्यांतून यायचं आहे, आणि त्या वेळी वेग तिप्पट असतो.